आधी श्वास, मग आकडा

१

सकाळी उठल्यावर मी आधी मीटर बघते, मग नवरा, मग समुद्र. या क्रमावरून मला बरेच टोमणे खावे लागलेत. "अगं, माणूस जिवंत आहे का ते तरी आधी बघावं," मास्तर म्हणतात. मी म्हणते, तेच बघतेय.

मास्तर म्हणजे माझा नवरा. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मीही तेच म्हणते. मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. दोघांच्या नोकऱ्या संपेपर्यंत त्यांची फुफ्फुसं आकसायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, घरी पडून राहा. मास्तर म्हणाले, फळ्यावर एवढे समुद्र काढले, आता एकात राहून बघू दे. मी भांडले, अबोला धरला, आणि शेवटी बोट बघायला त्यांच्याआधी जाऊन उभी राहिले. माझा स्वभावच मेला तसा आहे. आधी नाही म्हणायचं आणि मग सगळं आपल्याच अंगावर घ्यायचं.

बोट शिडाची आणि जुनी, पण अंगाने दणकट. आत एक केबिन, त्यातच चूल, टेबल आणि झोपायचे बाक. माझ्या बाकाखाली लिथियमच्या बॅटऱ्या. वायरिंग माझ्या धाकट्या भावाने केलं, बोटींचं वायरिंग हाच त्याचा धंदा. दिवे, पंप, फ्रीज, रेडिओ सगळं त्या बॅटऱ्यांवर चालतं, आणि मास्तरांची पेटीही. पेटी म्हणजे हवेतून प्राणवायू गाळून नळीने नाकात सोडणारं यंत्र. मास्तरांनी श्वास ओढला की पेटीला कळतं आणि ती फुस्स करते. तेवढ्यापुरती बॅटरीतून जरा जास्त वीज जाते, आणि भिंतीवरच्या मीटरचा आकडा डुबकी मारून परत वर येतो.

म्हणून मी मीटर बघते. चुलीपाशी भात ढवळत असले, पाठ त्यांच्याकडे असली, तरी त्यांना झोप लागलीय की नुसते डोळे मिटून पडलेत हे मला आकड्यावरून कळतं. आधी श्वास, मग आकडा. मध्ये अगदी पापणी लवण्याएवढा उशीर. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्याकडे इतकं लक्ष मी कधीच दिलं नव्हतं.

लिथियमची एक खोड आहे. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या थकल्या की दिवे मंद व्हायचे, माणसाला आधी कळायचं. ही बाई शेवटपर्यंत हसतमुख राहते, आणि संपत आली की तिच्या आतलं सर्किट न सांगता सगळंच बंद करून टाकतं. भावाने मला बजावलं होतं, "ताई, हिच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधू नकोस. किती गेलं, किती आलं ते मीटर मोजतो. त्याच्यावर विश्वास ठेव."

ठेवला होता मी.

२

किनारा सोडून बरेच दिवस झाले होते. वारा पडला आणि त्याच्या पाठोपाठ धुकं आलं. असं धुकं मी जन्मात बघितलं नव्हतं. दिवसा चहूकडे नुसता पांढरा उजेड, त्याला ना दिशा ना सावली. शिडं ओल्या कपड्यांसारखी लोंबत होती. सोलर पॅनेल होते, पण सूर्यच नाही तर ते काय करणार बिचारे.

मग मी इंजिन सुरू केलं. इंजिनावर एक अल्टरनेटर फिरतो, तो बॅटरी भरतो. इथे माझी चूक झाली. डिझेल वाचावं म्हणून मी इंजिन अगदी हळू चालवलं. लिथियम भुकेली असली की मिळेल तेवढं गिळते, थांबणं तिला माहीत नाही. अल्टरनेटर हळू फिरत होता, त्याचा पंखाही हळू, त्याला गार व्हायला वेळच मिळेना. जळका वास आला तेव्हा मी धावले. हात लावला तर चटका बसला, आणि आतून काळा धूर निघत होता.

एवढी वर्षं उपकेंद्रात काढली आणि ही अक्कल. मी स्वतःला अशा शिव्या दिल्या की मास्तर बाकावरून म्हणाले, "अगं, मला नको, माझी काही चूक नाही."

रेडिओवर बंदराशी बोलले. तिकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "बाई, धुकं उठल्याशिवाय इथून कोणी निघू शकत नाही. तुम्ही वीज जपा."

जपत होतेच. फ्रीज बंद केला, दिवे बंद केले, रेडिओही बंद. फक्त पेटी चालू. सोबत प्राणवायूचा एक छोटा सिलिंडर होता, तो अगदीच अडीनडीला, थोड्या वेळापुरता. मीटरवरचा टक्का खाली खाली चालला होता. मास्तरांना मी काही बोलले नाही, पण त्यांनी विचारलंच.

"किती उरलीय?"

"भरपूर आहे."

"तू भरपूर म्हणालीस की मला भीती वाटते," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून खिडकीतलं धुकं बघत राहिले. पेटी संपली की मास्तर संपले, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी चहा केला. तो पिताना आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी मीटर पाहिला आणि मला वाटलं, झोप पुरती उडाली नसावी. वीज बाहेर जाते तेव्हा आकड्यापुढे उणे येतं. पेटी चालू, म्हणजे उणे हवं. पण दोन श्वासांच्या मध्ये, पेटी नुसती घरघरत असताना, उणे नव्हतं. अधिक होतं. थोडंसंच, पण अधिक. म्हणजे बॅटरीत कुठूनतरी वीज येत होती.

येणार कुठून? सूर्य नाही, इंजिन मेलेलं. किनाऱ्याची तार किनाऱ्यावर.

मी काही हुरळणारी बाई नाही. मीटर खोटं बोलतोय, हा माझा पहिला विचार, आणि कुठल्याही शहाण्या माणसाचा तोच असता. असे मीटर कधीकधी सरकतात, मग त्यांचं शून्य पुन्हा लावावं लागतं. भावाने शिकवलं होतं, सगळं बंद करायचं, एकही दिवा नाही, आणि मग शून्याचं बटण दाबायचं. त्यासाठी पेटीही बंद करावी लागणार होती. मास्तरांना सिलिंडरवर घेतलं.

"लवकर कर हं," ते म्हणाले. "हा संपला तर मला तोंडाने भूगोल सांगावा लागेल."

सगळं बंद केलं. बोटीत इतकी शांतता झाली की लाकूड फुगल्याचा आवाज येईल असं वाटलं. आकडा अजून अधिकच दाखवत होता, स्थिर. बघ, म्हटलं, सरकलाच आहे. बटण दाबलं. आकडा शून्यावर आला. पेटी परत चालू केली आणि मला बरं वाटलं, भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ केल्यावर वाटतं तेवढं.

पण हिशोब जुळेना. त्या दिवशी पेटी चालली. दुसऱ्या दिवशीही चालली. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी मनातल्या मनात परत परत मांडून पाहिलं, बॅटरी केव्हाच संपायला हवी होती. मल्टिमीटर लावून बॅटरीचं व्होल्टेज पाहिलं, तर लिथियमचा तोच हसरा चेहरा. मीटरवर विसंबावं, तर त्याचं शून्य मीच हलवलेलं.

मग एका दुपारी ताट पुसता पुसता माझा हात थांबला. मी शून्य लावलं तेव्हा खरंच वीज येत असली तर? तराजूवर कोणी बोट ठेवलेलं असताना मी काटा शून्यावर आणून बसले असेन तर? मग मी ज्याला 'काही नाही' म्हणत होते, ते काही नाही नव्हतं. ताट तसंच हातात धरून मी मीटरसमोर उभी राहिले.

४

आता मीटर नीट बघायला लागले, आणि दिसायला नको ते दिसलं. मास्तरांनी श्वास घेतला, पेटी फुस्स झाली, आकडा खाली गेला. हे नेहमीचं. पण परत वर येताना तो शून्यावर थांबत नव्हता. शून्याच्या वर उसळी मारायचा आणि मग खाली बसायचा. प्रत्येक श्वासाला. गेलेलं कोणीतरी लगेच भरून देत होतं.

मास्तरांना पुन्हा सिलिंडरवर घेतलं, पेटी बंद केली. आता आकडा हलायचं काही कारणच नव्हतं. मास्तर डोळे मिटून पडले होते, छाती वर आली. आकडा वर गेला. छाती खाली गेली. आकडा खाली आला. त्यांना खोकल्याची उबळ आली, तर आकडाही तसाच अडखळला आणि मग सावकाश मार्गी लागला.

आधी श्वास, मग आकडा. पण दोघांच्या मध्ये आता काहीच जोडलेलं नव्हतं.

भीतीला मी एकच औषध ओळखते, पाना घ्यायचा आणि काम करायचं. बाकाची फळी काढली आणि बॅटरीची एकेक वायर सोडवत गेले. सोलरची काढली, आकडा तसाच. अल्टरनेटरची काढली, तसाच. शेवटी एक जाड हिरवी वायर उरली. ती अर्थिंगची. बोटीला जमीन नसते, म्हणून बुडाला बाहेरून ब्राँझची एक प्लेट ठोकलेली असते आणि ही वायर तिथे जाते. तिच्या पलीकडे फक्त समुद्र.

एका वायरने वीज येत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. यायला एक वाट, जायला दुसरी. दुसरी वाट मी शोधली, बॅटरीभोवती हात फिरवून शोधली. कुठेच नव्हती.

मी हिरव्या वायरचा नट सोडवला.

आकडा धपकन खाली गेला आणि उण्यात जाऊन थांबला. बरोबर तेवढाच उणे, जेवढं मी त्या दिवशी शून्य म्हणून पुसून टाकलं होतं. म्हणजे बोट होतंच तराजूवर. आत्ता उचललं गेलं.

आणि मास्तर ताडकन उठून बसले. सिलिंडर चालू होता, नळी नाकात होती, पण त्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मागे वळून बघितलं.

"कोणी काढला?" ते म्हणाले.

"काय काढलं?"

"हात. पाठीवरचा हात आत्ता काढला ना कोणीतरी?"

माझ्या बोटांत नट धरवेना. दोनदा खाली पडला. कशीबशी वायर बसवली, नट फिरवला. आकडा शून्यावर आला, मग हळूच वर गेला. मास्तरांनी एक लांब श्वास घेतला, ओठांवर रंग आला, आणि ते उशीवर टेकले.

"हं," म्हणाले. "आहे."

५

त्यानंतर मी त्या वायरला हात लावला नाही.

भीती गेली असं नाही. पण तिच्यासोबत दुसरंही काहीतरी आलं, आणि त्याला काय म्हणावं मला कळत नव्हतं. लहानपणी पहिल्यांदा उपकेंद्राच्या कुंपणाबाहेर उभी राहिले होते आणि तारांचा गुणगुणाट पायांतून वर चढला होता, तेव्हा असंच झालं होतं. पळून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते.

मास्तरांना सांगितलं सगळं. त्यांच्यापासून मी बॅटरीचा टक्का लपवू शकते, हे नाही. ते उठून बसले. मग म्हणाले, "मला वर ने."

"ओलं आहे वर."

"मग टॉवेल घे."

पेटी दोरीने बांधून, तिची वायर आणि नळी सांभाळत, पायरी पायरीने मी त्यांना वर आणलं. भर दुपार होती. धुकं तसंच होतं, पण पाण्याजवळ थोडं विरळ झालेलं. समुद्र इतका स्थिर की बोट त्यावर ठेवल्यासारखी. आम्ही कडेला बसलो आणि वाकून बघितलं.

आधी मला वाटलं धुक्याचंच प्रतिबिंब आहे. मग मास्तरांनी श्वास घेतला आणि खाली उजेड वाढला.

उजेड म्हणावं की नाही, कोण जाणे. पाणी खोलवर एका बाजूने किंचित फिकट होत गेलं, बोटीच्या खालून निघून धुक्याच्या कडेपर्यंत, आणि कडेच्या पलीकडेही. मास्तरांनी श्वास सोडला तसं ते सावकाश मावळलं. मी काठ शोधत होते. मासा असो, जहाज असो, त्याला काठ असतो. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, बोटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं. सगळीकडे ते होतं. त्यात कुठेतरी, फार खाली, काहीतरी आमच्याकडे वळलं. डोळा होता असं मी म्हणणार नाही. वळलं, एवढंच मला कळलं. आमची बोट त्याच्या अंगावरच्या एखाद्या बटणाएवढीही नसेल.

मी मास्तरांचा दंड घट्ट धरला. ते रडत होते. मला त्यांचं रडणं माहीत आहे, हे दुःखाचं नव्हतं.

"याला नकाशात नाव नाही," ते म्हणाले. "मी पोरांना सांगायचो, इथे खोल पाणी. निळा खडू फिरवायचो आणि पुढे जायचो."

"आत चला," मी म्हणाले. "ऐका माझं."

"थांब गं." त्यांनी नळी नाकातून काढली. मी ओरडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. श्वास घेतला. खाली पाणी उजळलं. पुन्हा घेतला. कितीतरी महिन्यांत मी त्यांना असा पोटभर श्वास घेताना बघितलं नव्हतं. ओठ लहान मुलासारखे गुलाबी झाले होते.

"एवढं मोठं असून," ते म्हणाले, "माझ्यासारख्याकडे लक्ष देतंय."

मी त्यांची नळी हातात घेऊन बसले. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. छाती दडपून जाईल इतका झाला होता. पण डोक्यातली उपकेंद्रातली बाई गप्प बसेना. ती एकच विचारत होती, जायची दुसरी वाट कुठे आहे?

६

वारा आला, धुकं उठलं, आणि आम्ही बंदरात पोचलो. भाऊ आमच्याआधीच येऊन थांबला होता. बोट क्रेनने उचलून दुरुस्तीच्या आवारात लाकडी टेकूंवर ठेवली. चहूकडे काँक्रीट, रंगाचे डबे, दुसऱ्या बोटींची बुडं. मास्तर शिडीवरून स्वतःच्या पायांनी उतरले. नळी नाही, पेटी नाही. पेटी तर त्यांनी समुद्रातच बंद केली होती, मी पुन्हा चालू केली की ते पुन्हा बंद करायचे.

"दाजी तर ठणठणीत झाले की," भाऊ म्हणाला. "समुद्र मानवला त्यांना."

"हो," मी म्हणाले.

भाऊ केबिनमध्ये शिरला, जळका अल्टरनेटर बघून माझ्याकडे ज्या नजरेने बघायचं त्या नजरेने बघितलं, आणि बाकाची फळी काढून बसला. "थांब, आधी सगळं बंद करतो," म्हणाला. एकेक बटण खाली केलं. मग मीटरकडे बघून मान हलवली. "शून्य. छान. मीटर तरी जागेवर आहे."

मी भिंतीला टेकले.

ते शून्य त्याचं शून्य नव्हतं, माझं होतं. बोट पाण्याबाहेर होती. ब्राँझची प्लेट कोरडी ठणठणीत, खाली काँक्रीट. कोणी काही देत नसेल तर मीटरने उणे दाखवायला हवं होतं. तो दाखवत नव्हता.

"अरे, हा फडफडतोय बघ," भाऊ म्हणाला. आकडा वर जाऊन खाली आला होता. पुन्हा वर गेला. "अर्थिंगचा नट ढिला असणार. कोणी बसवला हा? तिरका बसलाय." त्याने हिरव्या वायरवर पाना लावला. "काढतो ही वायर, गंजलीय. नवीन टाकू."

खिडकीतून मास्तर दिसत होते. आवाराच्या त्या टोकाला बाकावर बसून पहारेकऱ्याला काहीतरी समजावत होते, बोटाने हवेत नकाशा काढत. त्यांचे खांदे वर यायचे, खाली जायचे. मी खांद्यांकडे बघितलं, मग मीटरकडे. पुन्हा खांद्यांकडे. जुनी सवय.

आकडा वर गेला. मग खांदे वर आले.

डोळे चोळले. मान वळवायला वेळ लागतो, त्यामुळे चुकत असेन. एका डोळ्यात मीटर आणि एका डोळ्यात खिडकी येईल अशी सरकून उभी राहिले. आकडा वर गेला. पापणी लवली. मग, तिकडे उन्हात, माझ्या नवऱ्याने श्वास घेतला. आकडा खाली आला. मग त्यांनी सोडला.

जायची वाट इतके दिवस मी वायरींमध्ये शोधत होते, आणि ती तिकडे बाकावर बसली होती.

"ताई?" भाऊ म्हणाला. पाना नटावर होता, मनगट वळायच्या बेतात. "काढू ना?"

आकडा मध्येच थांबला, जरा रेंगाळला. बाकावर मास्तर बोलता बोलता गप्प झाले. त्यांनी मान वळवून बोटीकडे बघितलं, आणि उघड्या तोंडाने वाट बघत राहिले. मी खाली बसले आणि भावाच्या हातावर हात ठेवला.

"काढू नकोस," मी म्हणाले. "आवळ. होईल तेवढा घट्ट आवळ."